कुकीत घोळवलेला फ्रेंच टोस्ट: बाहेर करपतो, आत गिच्च राहतो, तो नीट कसा करायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कुकीच्या चुऱ्यात घोळवलेला फ्रेंच टोस्ट तव्यावर टाकला की आवरण काळं पडतं, निम्मा चुरा गळून तुपातच राहतो आणि कापल्यावर मधला भाग गिच्च निघतो. आच कमी केली तर करपत नाही, पण मग सगळंच मऊ पडतं.

तक्रारी तीन वाटल्या तरी मूळ एकच आहे. अंडं-दूध प्यायलेल्या जाड ब्रेडला मध्यापर्यंत शिजायला दहा-बारा मिनिटं उष्णता लागते. कुकीच्या चुऱ्याला गरम तव्यावर दोन-तीन मिनिटांतच नको तितका रंग चढतो. कुकी आधीच एकदा भट्टीतून भाजून आलेली असते आणि तिच्यात साखरही भरपूर असते. साध्या ब्रेडच्या चुऱ्याला तव्यावर सोनेरी रंग आणावा लागतो, कुकीचा रंग आधीच आलेला असतो. म्हणून इथे कुकी शिजवायची नाही, ती नुसती चिकटवायची आणि तापवायची. आतलं शिजवण्याचं काम दुसरीकडे, म्हणजे ओव्हनमध्ये करायचं. ही कामं वेगळी केली की बहुतेक त्रास संपतो. ओव्हन नसेल तर क्रम उलटा करायचा, त्याची पद्धत खाली दिली आहे.

नेमके आकडे तुमच्या ब्रेडवर, कुकीवर आणि तव्यावर अवलंबून आहेत. तरी सुरुवातीला हे प्रमाण धरा. चार स्लाइस, प्रत्येक अडीच सेंटीमीटर जाड. दोन अंडी आणि एका अंड्याचा नुसता बलक, १५० मिली दूध, ५० मिली क्रीम, १० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला. आवरणासाठी १५० ग्रॅम कुकी आणि एक मोठा चमचा, म्हणजे साधारण ८ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर. भाजायला दर दोन स्लाइसमागे १० ग्रॅम तूप. मिश्रणात साखर कमी वाटेल, पण ती मुद्दाम कमी ठेवली आहे. आवरणातून पुरेशी साखर येतेच. वर मिश्रणही गोड केलं तर दोन घासांत तोंड फिरतं आणि पृष्ठभाग लवकर काळवंडतो.

ब्रेडपासून सुरू करू. ब्रियोश, खाला किंवा दुधाचा मऊ पाव उत्तम, कारण त्यांत अंडं, लोणी किंवा दूध असतं आणि भिजल्यावरही त्यांचा लगदा होत नाही. आधीच कापून मिळणारा पातळ सँडविच ब्रेड टाळा. त्याला आवरणाचं वजन पेलवत नाही आणि चमच्याभर मिश्रणातच तो लोळागोळा होतो. दुसरी गोष्ट ताजेपणाची. ताज्या ब्रेडमध्ये आधीच बरंच पाणी असतं, त्यामुळे तो मिश्रण नीट शोषत नाही आणि जे शोषतो ते मध्यभागी गिच्च राहतं. स्लाइस कापून रात्रभर जाळीवर उघडे ठेवा. तेवढा वेळ नसेल तर १२० अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा आणि मध्ये एकदा उलटा. रंग यायला नको. वरून कोरडा आणि आत किंचित लवचिक झाला की काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

मिश्रणात बलक जास्त ठेवण्याला कारण आहे. पांढऱ्या भागाने मिश्रण घट्ट होतं, पण तो जास्त झाला की चिवटपणा येतो आणि ऑम्लेटसारखा वास सुटतो. आधी अंडी, मीठ आणि साखर एकत्र चांगली फेटा आणि मगच दूध-क्रीम घाला. सगळं एकदम ओतलं तर पांढऱ्याचे तार तसेच राहतात आणि टोस्टवर त्यांचे पांढरे डाग दिसतात. फेटल्यावर गाळून घेतलं तर ही शंकाच उरत नाही.

आता कुकी. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कडक, कोरडी, एकसारख्या पोताची कुकी हवी. दालचिनी-कॅरमलच्या चवीची पातळ स्पेक्युलोस बिस्किटं या कामाला मला सर्वांत आवडतात, कारण त्यांची भरड नीट होते आणि चवही अंड्या-दुधाशी जुळते. साधी गव्हाची डायजेस्टिव्ह बिस्किटं साखरेने थोडी कमी असतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला त्यांनी सुरुवात करायला सांगेन. ती चूक सहन करतात. शॉर्टब्रेडची चव सुंदर, पण तिच्यात लोणी इतकं असतं की तव्यावर चुरा विरघळल्यासारखा सैल होतो आणि सरकतो. तीच वापरायची असेल तर एक तृतीयांश वजन बिनसाखरेच्या कॉर्नफ्लेक्सच्या भरडीचं ठेवा. मधोमध मऊ असणाऱ्या चॉकलेट चिप कुकी तशाच वापरू नका. त्यांतला ओलावा कुरकुरीतपणा येऊ देत नाही आणि चिप्स वितळून तव्याला लागतात. तुकडे करून १५० अंशांना आठ-दहा मिनिटं सुकवा, गार करा, मोठ्या चिप्स वेचून काढा आणि मग भरडा. मनुका असतील तर त्याही काढा. त्या फुगतात आणि सगळ्यांत आधी करपतात.

चॉकलेटची क्रीम सँडविच बिस्किटं घेणार असाल तर दोन गोष्टी पाळा. मधलं क्रीम सुरीने खरवडून काढा. ते म्हणजे साखर आणि चरबी. तव्यावर ते पातळ होऊन चुऱ्याला ब्रेडपासून सोडवतं, आणि साखर खाली जाऊन जळते. हे क्रीम फेकू नका, त्याचा उपयोग पुढे आहे. दुसरी गोष्ट, ही बिस्किटं मुळात काळी असतात. त्यामुळे करपलं की नाही हे रंगावरून कळणार नाही. तिथे घड्याळ आणि नाक यांच्यावरच भिस्त ठेवा. कोकोचा गोडसर वास जाऊन धुरकट वास येऊ लागला की उशीर झालेला असतो.

चुरा किती बारीक करायचा यावर पकड ठरते. मिक्सरमधून पीठ केलं तर ते ओल्या ब्रेडवर चिखलासारखं बसतं आणि तव्यावर त्याचा एकसंध, जड थर होतो. नुसते मोठे तुकडे ठेवले तर ते चिकटतच नाहीत. एक तृतीयांश बारीक पूड आणि बाकी दोन ते चार मिलिमीटरची भरड असं मिश्रण हवं. पूड ओलाव्याला धरते आणि भरडीला जागेवर बसवते, कुरकुरीतपणा भरडीतून येतो. जाड पिशवीत कुकी घालून लाटण्याने ठेचल्या तर हे प्रमाण जवळजवळ आपोआप जमतं. शेवटी कॉर्नफ्लोअर मिसळा. ते पृष्ठभागावरचं जादा पाणी धरून ठेवतं आणि तापल्यावर घट्ट होऊन चुऱ्याला बांधतं. चिमूटभर मीठ इथेही घाला, त्याने गोडी नेमकी लागते.

भिजवताना ब्रियोशसारख्या मऊ ब्रेडला एका बाजूला २० ते ३० सेकंद पुरतात. घट्ट पोताच्या ब्रेडला मिनिटभर लागेल. बोटाने मध्यभागी दाबून पाहा. मऊ लागलं पाहिजे, पण उचलल्यावर स्लाइस मध्ये वाकून फाटता कामा नये. वर दिलेल्या प्रमाणात चार स्लाइसनी जवळजवळ सगळं मिश्रण प्यायला हवं आणि ताटलीत थोडंसंच उरायला हवं.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि चुरा गळण्याचं मुख्य कारण तेच असतं. भिजलेला स्लाइस लगेच चुऱ्यात टाकू नका. जाळीवर दोन-तीन मिनिटं निथळू द्या. बोट लावलं की पृष्ठभाग ओलसर, चिकट लागावा, पण थेंब खाली पडू नये. थेंब पडत असताना घोळवलं तर चुरा ओलाव्यावर तरंगतो. तव्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ अख्खा थर खालून उचलून टाकते.

चुरा पसरट ताटात थोडा थोडा घ्या, एकदम सगळा नको. स्लाइस वर ठेवून तळहाताने हलकेच पण ठामपणे दाबा, उलटा, पुन्हा दाबा. कडा मुद्दाम मोकळ्या ठेवा. आतली वाफ बाजूंनी बाहेर पडली तर दोन्ही पृष्ठभाग कोरडे राहतात. चारी बाजूंनी बंद केलेला टोस्ट आपल्याच वाफेने मऊ होतो. एका स्लाइसला साधारण २५ ते ३० ग्रॅम चुरा लागतो. त्याहून जाड थर लोभाने लावला तर वरचा भाग सुटाच राहतो. घोळवून झाल्यावर पाच मिनिटं जाळीवर थांबा, म्हणजे पूड ओलावा घेऊन चिकटेल. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, कारण साखर पाणी ओढते आणि भरड मऊ पडू लागते. ताटात उरलेल्या, कच्चं अंडं लागलेल्या चुऱ्याला परत डब्यात जागा नाही, तो टाकून द्या. थोडा थोडा घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

भाजायला लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं आणि दुधाचे घन पदार्थही असतात. लोणी कढवताना तळाशी जमणारी बेरी ती हीच. बेरी लवकर लाल होते, मग काळी पडते आणि कुकीच्या साखरेला सोबत घेऊन करपते. लोण्यात तेल घातलं की ते करपत नाही असं सर्रास सांगितलं जातं, पण बेरी तेलातही तितक्याच तापमानाला जळते. लोण्याचा स्वाद हवा असेल तर टोस्ट ओव्हनमधून काढल्यावर वर छोटा गोळा ठेवा.

ओव्हन आधी १७० अंशांना तापवून ठेवा आणि आत ट्रेवर जाळी मांडा. तवा जाड बुडाचा घ्या, आच मध्यमपेक्षा थोडी कमी, पृष्ठभागाचं तापमान १५० ते १६० अंश. मोजायला साधन नसेल तर ब्रेडचा छोटा तुकडा तुपात टाकून पाहा. हळूहळू, शांतपणे बुडबुडे यावेत आणि सोनेरी व्हायला मिनिटाहून जास्त लागावं. तडतडून लगेच लाल झाला तर तवा फार तापला आहे, खाली उतरवा आणि थांबा. साखर साधारण १६० अंशांच्या आसपास कॅरमल होऊ लागते आणि १९० च्या पुढे वेगाने कडवट होत जाते. मोठ्या आचेवरचा तवा २०० अंश सहज ओलांडतो, त्यामुळे चुकीला फारशी जागा नाही.

एका वेळी दोनच स्लाइस ठेवा. पहिली बाजू दीड ते दोन मिनिटं. या वेळात हलवू नका, सरकवू नका, खाली डोकावूनही पाहू नका. अंडं घट्ट होऊन चुऱ्याला धरेपर्यंत थर नाजूक असतो. मग रुंद, पातळ उलथणं पूर्ण खाली घालून एकदाच उलटा आणि दुसरी बाजू दीड मिनिट भाजा. लगेच जाळीवर ठेवून ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं. पुढचे दोन स्लाइस टाकण्याआधी कागदाने तवा पुसून काढा आणि नवं तूप घाला. गळालेला चुरा तव्यात राहिला तर दुसऱ्या खेपेला तोच जळून चिकटतो.

शिजलं की नाही हे थर्मामीटरने सगळ्यांत नीट कळतं. अंड्याच्या पदार्थाला मध्यभागी किमान ७१ अंश हवेत. मी ७५ ला काढतो, तेव्हा आतला भाग नुकता घट्ट झालेला आणि मऊ असतो. ८५ च्या पुढे गेलं की अंडं आकसून पाणी सोडतं. म्हणजे जास्त शिजवलेला टोस्टही ओलाच निघतो, आणि लोक त्याला कच्चा समजून आणखी शिजवत बसतात. थर्मामीटर नसेल तर मध्यभागी बोटाने दाबा. दाबलेला भाग हळूहळू वर आला तर झालं. खड्डा तसाच राहिला किंवा कडेने पातळ द्रव आला तर अजून दोन मिनिटं.

ओव्हनमधून काढल्यावर आवरण मऊ लागेल. घाबरू नका आणि परत आत टाकू नका. गरम असताना कुकीतली चरबी आणि साखर पातळ असते. ती निवताना घट्ट होते आणि कुरकुरीतपणा त्यानंतर येतो. जाळीवर तीन मिनिटं थांबा. ताटलीत ठेवलं तर खाली वाफ कोंडून तळ ओला होतो. ही तीन मिनिटं न दिल्यामुळे कित्येक चांगले टोस्ट पुन्हा तव्यावर जाऊन करपतात.

ओव्हन नसेल तर असं करा. न घोळवलेला, नुसता भिजवलेला स्लाइस थोड्या तुपावर मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूने चार-पाच मिनिटं आणि दुसऱ्या बाजूने तितकाच वेळ शिजवा. आतलं आधी पूर्ण शिजू दे. बाहेर काढून जाळीवर पाच मिनिटं ठेवा म्हणजे वाफ निघून जाईल. थोडं मिश्रण आधीच बाजूला काढून ठेवलेलं असू द्या. त्याच्या दोन मोठ्या चमच्यांत छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवा, ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ लावा, चुऱ्यात दाबा आणि झाकण न ठेवता प्रत्येक बाजू मिनिट-सव्वा मिनिट भाजा. हा पातळ थर तेवढ्यात शिजतो. कुरकुरीतपणा ओव्हनच्या पद्धतीपेक्षा किंचित कमी येतो, पण करपण्याची भीती जवळजवळ राहत नाही. एअर फ्रायर असेल तर १७५ अंशांना सात-आठ मिनिटं ठेवून मध्ये एकदा उलटा. पंख्याच्या वाऱ्याने सुटा चुरा उडतो, म्हणून घोळवल्यावरची पाच मिनिटं तिथे चुकवू नका आणि वर तेलाचा हलका फवारा द्या.

अंडं न खाणाऱ्यांसाठी २५० मिली दुधात १० ग्रॅम कस्टर्ड पावडर कालवून उकळी येईपर्यंत ढवळत शिजवा आणि कोमट होऊ द्या. कच्च्या पावडरचं मिश्रण ब्रेडमध्ये शोषलं तर पिठूळ लागतं, म्हणून आधी शिजवायचं. स्लाइस त्यात बुडवू नका. ब्रशने दोन्ही बाजूंना सढळ लावा, मग घोळवा. आत शिजायला काही नसल्यामुळे तव्यावरची तीन-साडेतीन मिनिटं पुरेशी होतात.

आणखी चैन करायची असेल तर आत सारण भरा. स्लाइस चार सेंटीमीटर जाड कापा आणि एका कडेने टोकदार सुरीने खिसा करा, बाकी तीन बाजूंना सेंटीमीटरभर ब्रेड शाबूत ठेवा. खरवडलेलं बिस्किटाचं क्रीम आणि त्याच्या दुप्पट क्रीम चीज एकत्र करून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये घट्ट करा आणि प्रत्येकात २५ ग्रॅमच भरा. जास्त भरलं तर ते फुगून तोंडातून बाहेर येतं आणि तव्यावर जळतं. ओव्हनची वेळ १४ ते १५ मिनिटं होईल. तापमान मोजताना टोक सारणात नव्हे, शेजारच्या ब्रेडमध्ये खुपसा. वरून सरबरीत सॉस ओतायचा मोह आवरा, तो टोस्टच्या खाली किंवा शेजारच्या वाटीत द्या. सोबत काहीतरी आंबट हवंच: स्ट्रॉबेरी, रास्पबेरी किंवा लिंबाची किसलेली साल घातलेलं बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम. आंबटाशिवाय हा पदार्थ अर्ध्यात सोडावासा वाटतो.

पहिल्या खेपेला एकच स्लाइस पूर्ण करून कापून पाहा, मग बाकीचे घोळवा. थर सुटला असेल तर निथळण्याचा वेळ वाढवा. थर टिकला पण काळा झाला असेल तर तवा उतरवून निवू द्या, वेळ बदलू नका. बाहेर छान पण मध्ये ओलं असेल तर आधी थर्मामीटर पाहा. ७१ च्या खाली असेल तर ओव्हनमध्ये अजून तीन मिनिटं. तापमान बरोबर असूनही गिच्च असेल तर ब्रेड पुरेसा सुकलेला नव्हता किंवा फार भिजला, ते पुढच्या स्लाइसला सुधारेल.

उरलेले टोस्ट पूर्ण गार करून डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. पुन्हा गरम करायला १८० अंशांचा ओव्हन आणि सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्ह आवरणाचा लगदा करतो. जास्त दिवस ठेवायचे असतील तर ओव्हनमधून पूर्ण शिजवून गार केल्यावर ट्रेवर सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. महिनाभर चव टिकते. खायच्या वेळी न वितळवता थेट जाळीवर १७५ अंशांना १५ ते १८ मिनिटं, आणि काढल्यावर तीच तीन मिनिटांची विश्रांती.